औषधाची चिठ्ठी आणि कायदा

गतवर्षीच्या तापाची चिठ्ठी देऊन मुलास औषध आणावयास धाडण्याची चाल पुष्कळ घरी आहे. आणि विक्रेत्याने नकार दिला म्हणजे आपणांस राग येतो. वस्तुतः तो नकार हे त्याचे कर्तव्यच होय. १९४५ च्या औषध नियमांतील ६५ व्या नियमान्वये, चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई असलेले औषध एका चिठ्ठीवर एकदाच मिळते. पुन्हा द्यावे असे डॉक्टरांनी लिहिले असेल तर गोष्ट निराळी. अशा औषधाऐवजी दुसरे देण्याचीही मोकळीक नाही, मग ते तितकेच गुणकारी का असेना! चिठ्ठीवरून औषध देण्याचा अधिकारही, १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे, नोंदणीकृत फार्मासिस्टासच आहे.

क्षयावरील कित्येक औषधे व काही प्रबळ प्रतिजैविके २०१४ पासून 'एच-१' या अधिक कडक परिशिष्टात आहेत. त्यांच्या विक्रीसाठी डॉक्टरांचे नाव व पत्ता, रोग्याचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण यांची स्वतंत्र वही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. कारण उघड आहे. औषध अर्धवट घेतले असता दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरून वाढतात. आणि त्यांची बाधा झालेल्या शेजाऱ्यासही मग तेच औषध लागू पडत नाही. चिठ्ठी न विचारणारा दुकानदार आपणांस सोयीचा वाटतो, हीच खरी अडचण आहे. या औषधांच्या वेष्टनावर तांबड्या चौकटीत इशारा छापलेला असतो. तो घरातील मुलांनीही वाचावा.