चांगल्या कळफलकाची पारख

गेल्या वैशाखांत आमच्या नांदेडच्या घरीं एक लहानसाच, पण मनास लागणारा प्रसंग घडला. संगणकाच्या कीबोर्डावरील 'ल' ची कळ एकाएकीं बंद पडली. वरवर पाहतां एका अक्षराची ती काय मातबरी! परंतु मराठींत 'ल' गेला म्हणजे भूतकाळच गेला. 'आला', 'गेली', 'झालें' यांपैकीं एकहि शब्द उमटेना. आणि 'ळ' हि त्याच कळेवर असल्यामुळें 'बाळ', 'सकाळ', 'तुळस' हेहि शब्द बंद झाले.

त्या वेळीं आम्ही आमच्या आजीच्या ओव्या उतरून घेत होतों. आमच्या वडिलांनीं १९५० च्या सुमारास त्या तिच्या तोंडून ऐकून एका वहींत लिहून ठेवल्या होत्या. वडिलांचें शाळेचें शिक्षण निजामी राजवटींत उर्दूंतून झालें. मराठी लेखन त्यांनीं घरींच, स्वतःच्या कष्टानें साध्य केलें. म्हणून त्या वहीस आमच्या घरीं पोथीचा मान आहे. पण आतां तिचीं पानें हात लावतांच तुटतात, आणि आमच्या बोटांत संधिवात शिरला आहे. वही आधीं संपते कीं आमचीं बोटें, अशी ती शर्यत होती. बाजारांतून स्वस्तांत आणलेल्या त्या कीबोर्डाची कळ अगदीं तळापर्यंत दाबल्याखेरीज अक्षर उमटत नसे. दहा ओळी झाल्या कीं बोटांत कळ येई. कळेनें कळ यावी, हा श्लेष कागदावरच शोभतो. भोगावा लागला म्हणजे हंसूं येत नाहीं.

आमचे धाकटे चिरंजीव लातूरला नोकरीस आहेत. त्यांना फोनवर हें गाऱ्हाणें सांगतांच ते म्हणाले, "नाना, दुसरा तसलाच आणूं नका. तुमच्या हाताला बसेल असा मीच जुळवून देतों." आम्हांस हें खूळच वाटलें. कीबोर्ड का कोणी घरीं जुळवितो? त्यांतून सहा-सात हजारांचा आंकडा ऐकल्यावर आम्ही चांगलेच रागावलों. तेव्हां आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरांतून म्हणाल्या, "आजेसासूबाई जात्याचा खुंटा सैल झाला म्हणजे दळण थांबवून आधीं खुंटा ठोकून घेत. ज्याच्यावर हात चालायचा, तें आधीं नीट हवें." यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्हीं लातूरची गाडी धरली.

गंजगोलाईजवळच्या बिऱ्हाडीं टेबलावर सर्व सामान मांडलेलें होतें. प्रथम चिरंजीवांनीं आमचा बंद पडलेला कीबोर्ड उघडून दाखविला. आंत काय, तर रबराचा एक पातळ तक्ता, त्यावर प्रत्येक कळेखालीं एक फुगवटा, आणि त्याखालीं विजेच्या रेषा छापलेले प्लॅस्टिकचे पापुद्रे. कळ तळाला टेंकली म्हणजे पापुद्रे एकमेकांस भिडून संदेश जातो. रबर थकलें किंवा एक रेषा तुटली कीं सारा खेळ संपला. याच्या उलट यांत्रिक कीबोर्डांत प्रत्येक कळेस स्वतंत्र स्विच असतो: एक दांडी, एक स्प्रिंग व धातूच्या दोन पात्या. प्रचलित स्विच एकंदर सुमारें ४ मिलिमीटर खालीं जातो. पण अक्षर २ मिलिमीटरच्या आसपासच उमटतें. म्हणजे बोट तळावर आपटण्याची गरज राहत नाहीं. हलक्या स्प्रिंगेस सुमारें ४५ ग्रॅमांचा भार पुरतो, जड स्प्रिंगेस ६० किंवा त्याहून अधिक लागतो. एखादा स्विच बिघडलाच, तर तेवढाच बदलतां येतो.

अशा कळांची पारख आमच्या पिढीस अगदींच परकी नाहीं. तरुणपणीं आम्ही नांदेडच्या वजिराबादेंत टंकलेखनाच्या शिकवणीस जात असूं. मिनिटास ३० व ४० शब्दांच्या सरकारी परीक्षा तेव्हां नोकरीचा दरवाजा समजल्या जात. तेथें दहा यंत्रें असत, आणि ज्याच्या कळा एकसारख्या परततात त्या यंत्रासाठीं विद्यार्थी पहाटे रांग लावीत. गोदरेज आणि बॉइस कंपनीनें १९५५ सालीं मुंबईस स्वदेशी टंकयंत्र तयार केलें. २००९ सालीं शिरवळच्या कारखान्यांतील तें उत्पादन थांबलें, आणि धातूची कळ आमच्या हातून सुटली.

मग हल्लीं चांगल्या कळा होतात कोठें? अमेरिकेंत आयबीएम कंपनीनें १९८५ सालीं काढलेला 'मॉडेल एम' केंटकी राज्यांतील लेक्सिंग्टन येथें तयार होई. त्याची वाकणारी स्प्रिंग आजहि जाणते नांवाजतात. अमेरिकेंत जन्मून पुढें जर्मनींत स्थायिक झालेल्या चेरी कंपनीनें १९८० नंतरच्या दशकांत 'एमएक्स' नांवाचा स्विच काढला; बव्हेरियांतील आउअरबाख गांवीं तो अनेक वर्षें तयार होत असे. २०१४ च्या सुमारास त्याच्या एकस्वाची मुदत संपतांच चीनच्या ग्वांगडोंग प्रांतांतील कारखान्यांनीं तसेच स्विच काढले, आणि त्यांपैकीं कित्येक मूळ मालापेक्षांहि नितळ चालतात. जपानची टोप्रे कंपनी तर रबर व स्प्रिंग यांचा निराळाच मिलाफ करते. आपल्याकडे टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचा 'गोल्ड' कीबोर्ड दुकानांच्या गल्ल्यावर टकटक करतांना आपण ऐकलाच असेल. त्यांतहि यांत्रिक स्विचच असतात. जुळवणीचा कीबोर्ड म्हणजे अशा नाना देशींचे भाग मागवून एका हातासाठीं केलेली मांडणी होय.

पण देश पाहून गुण ठरत नाहीं, हें आम्हांस त्या टेबलापाशीं उमगलें. चिरंजीवांनीं एक स्विच तसाच दाबावयास दिला. तो किंचित् खरखरला. मग दुसरा, ज्याच्या दांडीस त्यांनीं बारीक कुंचल्यानें वंगणाचा हलका हात दिला होता, तो दिला. तो लोण्यासारखा उतरला. वंगण अधिक झालें तर मात्र कळ आळसावते. लांब कळांखालीं, म्हणजे शब्दांत अंतर सोडण्याच्या पट्टीसारख्या कळांखालीं, तारेचा एक आधार असतो. तो वांकडा असला तर पट्टी एका टोकास खडखडते. कळांच्या टोप्यांचेंहि तसेंच. एबीएस नांवाचें प्लॅस्टिक थोड्याच दिवसांत घासून चकाकूं लागतें, पीबीटी नांवाचें अधिक टिकतें. अक्षर केवळ वर छापलेलें असेल तर तें पुसतें. रंग प्लॅस्टिकांत मुरविलेला असेल, किंवा अक्षरच निराळ्या प्लॅस्टिकाचें आरपार ओतलेलें असेल, तर तें टोपीइतकेंच टिकतें.

सर्वांत मोठा धडा मिळाला तो पत्र्यापासून. सर्व स्विच एका धातूच्या पत्र्यांत बसतात. चिरंजीवांनीं दीड मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा लातूरच्याच औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांतून कापून घेतला होता. प्रत्येक भोंक बरोबर १४ मिलिमीटर चौरस, आणि एका कळेच्या मध्यापासून दुसरीचा मध्य १९.०५ मिलिमीटर! पहिला पत्रा आला तो भोंकें केसभर मोठीं होऊन. स्विच डुलूं लागले. आम्हांस वाटलें, आतां कारागीर कुरकुर करील. पण त्यानें मोजपट्टी लावून पाहिली, मान हलविली, आणि दुसऱ्या दिवशीं नवा पत्रा दिला. त्यांत एकूण एक स्विच टक् करून बसला. त्याला कीबोर्डांतलें कांहीं ठाऊक नव्हतें, पण माप ठाऊक होतें. स्विच मात्र आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कोठेंहि तयार होत नाहीं, ही खंत आहे. केसभराची चूक जो कबूल करतो आणि सुधारतो, त्याच्या गांवीं तोहि एक दिवस होईल, अशी आशा धरण्यास हरकत नाहीं.

राहिलीं अक्षरें. टंकयंत्रावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं मारावी लागे. कानास तें सदैव उलटें वाटे. १९८६ सालीं भारत सरकारनें ठरविलेल्या 'इन्स्क्रिप्ट' मांडणींत मात्र जसें बोलावें तसें लिहावें. स्वर बहुतेक डाव्या हातीं, व्यंजनें बहुतेक उजव्या हातीं. 'क' च्या कळेवरच 'ख', 'ग' च्या कळेवरच 'घ'. अल्पप्राण व महाप्राण यांची ही जोडी पाहून आम्हांस लहानपणीं घोकलेल्या वर्णमालेची आठवण झाली. चिरंजीवांनीं देवनागरी अक्षरांच्या टोप्या मागविल्या होत्या. 'ल' ची टोपी मात्र त्यांनीं आम्हांस स्वहस्तें बसवावयास सांगितली.

तो कीबोर्ड घेऊन आम्ही नांदेडला परतलों, त्यास आतां चार महिने होतील. बोटें दुखावयाचीं थांबलीं असें म्हणणें खोटें होईल. पण दहा ओळींच्या जागीं साठ ओळी होतात. वही भाद्रपदांत संपली. शेवटची ओवी उतरली त्या संध्याकाळीं सौभाग्यवती जवळ येऊन बसल्या, आणि आम्हीं ती त्यांना वाचून दाखविली. खर्चाबद्दल आम्ही जें बोललों होतों, त्याची आठवण त्यांनीं करून दिली नाहीं. ती आम्हांसच झाली.

असो. वाचकांनीं कीबोर्ड घ्यावयाचा झाल्यास त्याची चमक पाहूं नये. एक कळ अलगद दाबावी, सोडावी, आणि मग तिच्या शेजारची दाबावी. दोन्ही सारख्याच उतरल्या व सारख्याच परतल्या, तर ती वस्तु हातास साथ देईल असें खुशाल समजावें.