प्रकारव्यवस्था, फलनात्मक संगणक भाषांतील

संगणकाच्या स्मृतीतील माहिती बदलताना चूक होणार नाही, याची हमी आज्ञावली चालविण्यापूर्वीच मिळावी म्हणून भाषेत अंतर्भूत केलेली नियमांची योजना. फलनात्मक भाषांत आज्ञावली ही गणितातील फलनांची गुंफण असते. तेच मूल्य दिल्यास फलनाचे उत्तर नेहमी तेच येते आणि एकदा निर्माण झालेले मूल्य पुढे बदलत नाही. त्यामुळे आज्ञावलीची अचूकता गणिताच्या रीतीने पडताळणे सुकर होते.

नोंद बदलण्याच्या दोन रीती संभवतात : जुनी पुसून त्याच जागी नवी लिहिणे किंवा जुनी तशीच ठेवून नवी करणे. महाराष्ट्रातील महसुली दप्तर दुसऱ्या रीतीच्या जवळचे आहे. उदा., गोंडपिपरी तालुक्यातील एखाद्या जमिनीचा धारक बदलला, की गाव नमुना ६ मध्ये फेरफार नोंदविला जातो. तो प्रमाणित झाल्यावर सात-बारा उताऱ्यातील जुन्या नावाला कंस होतो व नवे नाव फेरफार क्रमांकासह दाखल होते. फलनात्मक भाषांची मूळ रीत अशीच आहे. मात्र दहा लाख घटकांच्या अ‍ॅरेमधील एक घटक बदलण्यासाठी संपूर्ण अ‍ॅरेची नक्कल करावी लागल्यास वेळ व स्मृती यांचा अपव्यय होतो. याउलट, जागेवरच बदल केल्यास जुन्या मूल्यावर विसंबलेल्या दुसऱ्या फलनाचे उत्तर नकळत चुकते. या पेचातून मुख्यत्वे दोन मार्ग निघाले.

रेषीय प्रकार : फ्रेंच तर्कशास्त्रज्ञ झां-इव्ह झिरार यांनी १९८७ मध्ये रेषीय तर्कशास्त्र मांडले. त्यात गृहीतक हे वापरताच खर्ची पडणारे साधन मानले जाते. फिलिप वॉड्लर यांनी १९९० मध्ये ही कल्पना संगणक भाषांना लावली. रेषीय प्रकाराचे मूल्य नेमके एकदाच वापरावे लागते. बदलाच्या क्षणी त्याचा दुसरा धारक नसल्याने जागेवरच लिहिले तरी इतर कोणाचेही उत्तर बिघडत नाही. नेदर्लंड्समधील नाइमेखेन विद्यापीठात विकसित झालेल्या क्लीन या भाषेत मूल्याकडे नेणारा संदर्भ एकमेव आहे की नाही, हे भाषांतरक तपासतो.

मोनॅड : इटालियन संशोधक एउजेनियो मोज्जी यांनी १९८९ मध्ये सुचविलेली ही बीजगणितीय रचना वॉड्लर प्रभृतींनी हास्केल भाषेत आणली. तीत स्थिती बदलणाऱ्या क्रिया क्रमाने जोडल्या जातात. लॉन्चबरी व पेटन जोन्स यांनी १९९४ मध्ये प्रत्येक बदलक्षम जागेच्या प्रकारावर तिच्या गणनेची खूण लावली. त्या गणनेबाहेर ती जागा नेऊ पाहणारी आज्ञावली भाषांतरक नाकारतो. आतील बदल बाहेर दिसत नसल्याने संपूर्ण गणना शुद्ध फलनच राहते.

या विचारांचा प्रभाव फलनात्मक भाषांपुरता राहिला नाही. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्ट भाषेत एका वेळी अनेक वाचक किंवा एकच लेखक, असा नियम आहे. मोकळी केलेली स्मृती पुन्हा वापरण्याची घातक चूक त्यामुळे सर्वसाधारणपणे आधीच उघड होते. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील उदय खेडकर, अमिताभ सन्याल व अमेय करकरे यांनी २००७ मध्ये स्मृतीतील कोणते संदर्भ पुढे वापरले जाणार आहेत, हे भाषांतराच्या वेळीच ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती प्रकारांवर नव्हे, तर प्रवाहविश्लेषणावर आधारलेली आहे.

प्रकारव्यवस्थेला मर्यादाही आहेत. नियम सावध असल्याने काही निर्दोष आज्ञावल्याही नाकारल्या जातात. परस्परांकडे निर्देश करणाऱ्या चक्राकार रचना मांडणे विशेष अवघड जाते.