लेखणी एकाची, गळा दुसऱ्याचा : लालबावटा कलापथकाचे तीन शाहीर

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच श्रोत्यांनी एकच विषय लावून धरला. हिपहॉपवर बोललात, रॅपवर बोललात, मग आपल्या लालबाग-परळच्या शाहिरांवर का नाही? मागणी रास्त आहे. म्हणून आज आपण अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तिघांकडे वळतोय. निमित्त एका जुन्या वादाचं. गिरणगावात शाहिरी ऐकून मोठी झालेली माणसं एकत्र बसली की हा वाद निघतोच निघतो : मोठा कोण? लिहिणारे अण्णाभाऊ, की गाणारे अमर शेख?

दोन्ही बाजूंचे चाहते कडवे आहेत. एक म्हणतो, शब्दच नसते तर गळा काय करणार होता? दुसरा म्हणतो, कागदावरचे शब्द पन्नास हजारांच्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत पोचवले कुणी? आम्हाला हा प्रश्नच थोडा चुकीचा वाटतो. का, ते समजायला शाहिरीची रचना आधी बघावी लागेल.

शाहीर एकटा गात नाही. पुढे मुख्य शाहीर डफावर थाप मारत उभा, मागे तुणतुणं, ढोलकी, झांजा आणि त्याला साथ देणारे झीलकरी. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, आणि तेवढ्या वेळात शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ जुळवतो, समोरची गर्दी जोखतो. मध्येच गाणं थांबवून साध्या बोलीत दोन वाक्यं बोलतो, कालच्या पेपरातली बातमी घुसडतो, पुन्हा चालीवर येतो. म्हणजे झील ही नुसती साथ नाही, पोवाडा उभाच तिच्यावर असतो. आणि जुगलबंदीचं म्हणाल, तर ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्कच्या पार्टीत हिपहॉपचा जन्म झाला असं मानतात, त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे कलगी आणि तुरा या दोन पक्षांचे शाहीर रात्र-रात्र सवालजवाब करत होते. कलगीवाले शक्तीला थोर मानणार, तुरेवाले शिवाला, आणि हरणाऱ्याची गावभर चेष्टा! रॅप ऐकणाऱ्या पोरांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात, असा आमचा अनुभव आहे.

आता माणसं. अण्णाभाऊ १ ऑगस्ट १९२० चे, सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे, मातंग घरातले. घरच्यांबरोबर चालत मुंबईला आले. शाळा जवळजवळ नाहीच. पडेल ते काम केलं, गिरणीत राबले, आणि माटुंगा लेबर कॅम्पात चळवळीशी जोडले गेले. अमर शेख २० ऑक्टोबर १९१६ चे, बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. गिरणीतला संप, तुरुंग, मग कोल्हापुरात सिनेमाच्या स्टुडिओत उमेदवारी, तिथून मुंबई. एक मातंग, एक मुसलमान, आणि तिसरे गवाणकर, स्वतः लिहिणारे आणि गाणारे. चाळीसच्या दशकात, महायुद्ध चालू असताना, या तिघांनी लालबावटा कलापथक उभं केलं.

त्या वेळची मुंबई डोळ्यांसमोर आणा. कम्युनिस्ट पक्षाची कचेरी गिरगावात खेतवाडीला. मे १९४३ मध्ये इप्टा ही नाट्यसंघटना स्थापन झाली तीही गिरगावातल्याच मारवाडी विद्यालयात. गिरणी कामगार युनियन परळच्या दळवी बिल्डिंगमध्ये. ऐकणारा माणूस मात्र लालबाग, परळ, डिलाईल रोडच्या चाळींतला. पाळी सुटली की खोलीत झोपायला जागा नाही, म्हणून तो मैदानात येणार. कामगार मैदान, नरे पार्क, आणि गर्दी फारच मोठी असेल तर शिवाजी पार्क. हा माणूस मूळचा सातारा-सांगलीचा, कोकणातला, घाटावरचा. पोवाडा, लावणी, तमाशा त्याच्या कानात आधीच होता. लालबागच्या हनुमान थिएटरात तो पैसे मोजून तमाशा बघत होताच. त्याला भाषण झेपलं नसतं असं नाही हो, पण भाषण तो घरी नेणार नव्हता. गाणं नेत होता.

अण्णाभाऊंनी इथे एक मोठं काम केलं, आणि त्याबद्दल जेवढं बोललं जायला हवं तेवढं बोललं जात नाही. तमाशा गणाने सुरू होतो, म्हणजे गणपतीला वंदन. मग गवळण, कृष्ण आणि गौळणींची छेडछाड. त्यानंतर वग. अण्णाभाऊंनी गण ठेवला, पण त्यात वंदन केलं मातृभूमीला, हुतात्म्यांना, राबणाऱ्या माणसांना. गवळण काढूनच टाकली. साचा ओळखीचा, आतला माल नवा. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचं इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’ ही नावंच बघा, कशावर हसायचं ते नावातच कळतं. सरकारलाही कळलं. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई सरकारनं या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आणली. तमाशालाच बंदी म्हटल्यावर त्याच खेळाला लोकनाट्य म्हणायचं आणि उभं राहायचं, ही युक्ती तेव्हाची. आज आपण लोकनाट्य हा शब्द किती सभ्यपणे वापरतो!

आणि आता ‘माझी मैना गावावर राहिली’. चाहत्यांचा सगळा वाद या एका रचनेभोवती फिरतो, म्हणून इथे जरा थांबू. प्रकार छक्कड, लावणीच्या कुळातला. लिहिली अण्णाभाऊंनी, आणि पसरली अमर शेखांच्या आवाजातून. सुरुवातीला हे सरळ विरहाचं गाणं वाटतं. पोटासाठी मुंबईला आलेला गडी, बायको गावाला. तिचं रूप, निघतानाची घालमेल, मुंबईतले हाल. मैदानात बसलेल्या निम्म्याहून जास्त माणसांची हीच कथा, कारण गिरणगावात बायकोला आणायला खोली होती कुणाकडे? माणूस ऐकता ऐकता स्वतःच्या गावी जाऊन पोचतो. आणि तो तिथे पोचल्यावर अण्णाभाऊ गाणं वळवतात. मैनेची ताटातूट म्हणजेच मराठी मुलखाची ताटातूट : बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव तिकडे राहिले. राज्य पुनर्रचना हा कमिशनच्या अहवालातला विषय, तो एका ओळीत घरचा झाला. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा, आणि त्या चळवळीत शंभरावर माणसं गेली. अशा दिवसांत ही छक्कड मैदानात म्हटली जात होती. ती ऐकणारा माणूस सीमाप्रश्न समजून घेत नव्हता, त्याला बायको आठवत होती, आणि त्यामुळेच प्रश्न समजत होता.

आता सांगा, हे श्रेय वाटायचं कसं? रचनेतलं वळण लेखणीचं आहे. पण ते वळण येईपर्यंत हजारो माणसांना विरहात धरून ठेवणं हे गळ्याचं काम. अमर शेखांचा आवाज पहाडी, वरच्या पट्टीत चढून तिथेच राहणारा. ते स्वतःही कवी होते, ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे संग्रह. आणि अण्णाभाऊही स्वतः गात. म्हणजे एक नुसता कवी आणि दुसरा नुसता गायक, अशी फोडच होत नाही. आमचं मत विचाराल तर या वादात खरा अन्याय गवाणकरांवर होतो. दोन नावांची तुलना करायची सवय लागली की तिसरं नाव आपोआप गळतं. पथक तिघांचं होतं, हे एवढं तरी कुणी म्हणत जा.

पुढच्या काळात तिघांच्या वाटा एकत्र राहिल्या नाहीत. अण्णाभाऊ कथा-कादंबऱ्यांकडे वळले. १९५८ मध्ये दादरला पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन त्यांनी केलं. १९५९ ची ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, १९६१ मध्ये रशिया बघून आले. अमर शेखांनी स्वतःचं पथक घेऊन महाराष्ट्र पालथा घातला. राज्य झालं १ मे १९६० ला. त्याच सुमाराचं राजा बढ्यांचं महाराष्ट्रगीत, श्रीनिवास खळ्यांच्या चालीवर शाहीर साबळ्यांनी गायलं, ते २०२३ मध्ये राज्यगीत झालं. साबळे या तिघांच्या विचारांचे नव्हते, पण डफ तोच आणि श्रोताही तोच. त्या श्रोत्याचंही मन बदलत होतं. १९७० ला परळच्या पोटनिवडणुकीत लाल बावटा हरला आणि शिवसेनेचा पहिला आमदार निवडून आला. ते बघायला दोघेही नव्हते. १३ जून १९६९ ला आचार्य अत्रे गेले, १८ जुलैला अण्णाभाऊ, आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळच्या अपघातात अमर शेख. अकरा आठवड्यांत तीन मोठे आवाज बंद. अण्णाभाऊंना पन्नाशीही गाठता आली नाही, अमर शेख ५२ वर्षांचे.

मग १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, आणि पाळी सुटल्यावर मैदानात येणारा माणूसच उरला नाही. अण्णाभाऊंचं टपाल तिकीट निघालं, मॉस्कोत पुतळा उभा राहिला. अमर शेखांच्या नावाचं अध्यासन मुंबई विद्यापीठात आहे. त्यांच्या कन्या मलिका अमर शेख यांनीही वडिलांवर लिहिलंय, ते जरूर वाचा. स्वदेशीसारखे रॅपर गट मराठीत आरेच्या जंगलावर, आदिवासींच्या जमिनीवर गातात तेव्हा जुनी मंडळी हटकून म्हणतात, हे तर आमच्या शाहिरांचंच. पोरं त्यावर चिडत नाहीत, उलट विचारतात, ऐकायला कुठे मिळेल?

मैदानातल्या त्या रात्री काही टेपवर बसून राहिलेल्या नाहीत. पण अमर शेख दिसतात कसे, बोलतात कसे, हे बघायचं असेल तर १९६१ चा ‘प्रपंच’ काढा. त्यात ते गात फिरणारे शाहीर नाहीत, सुलोचनाबाईंसमोर गरिबीनं वाकलेला कुंभार आहेत. आवाज खाली ठेवून बोलतात, आणि तरी कळतं, हा माणूस ओरडला तर काय होईल.