गिटारची आस कशी मोजाल?

आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी एकदा दोन इलेक्ट्रिक गिटार घेऊन प्रयोगशाळेत आला. एक त्याची स्वतःची होती, दुसरी त्याच्या मित्राची. तो म्हणाला, "सर, माझी गिटार विकून मित्रासारखी जड गिटार घ्यावी म्हणतो. तिचा स्वर जास्त वेळ टिकतो."

"किती जास्त?" मी विचारले. याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते. नव्या गिटारीत त्याची दोन वर्षांची शिल्लक संपणार होती. तेव्हा आधी मोजू आणि मग ठरवू, असे आम्ही केले. हे मोजमाप कसे करतात आणि त्यात फसगत कशी होते, ते आज पाहू.

तार एकदा छेडल्यावर स्वर जितका वेळ रेंगाळतो, त्याला आपले सतारिये 'आस' म्हणतात. गिटारवादक त्यालाच 'सस्टेन' म्हणतात.

तारेची शिदोरी

तार बोटाने किंवा नखीने बाजूला ओढताना आपण तिच्यात थोडी ऊर्जा साठवतो. तार सोडली की तिला नवी ऊर्जा मिळत नाही. त्या एवढ्याशा शिदोरीवर तिला पुढचा सगळा प्रवास करायचा असतो.

साध्या, पोकळ पेटीच्या गिटारीत तारेची कंपने घोडीतून लाकडाच्या पातळ फळीत उतरतात. फळी हवा हलवते आणि आवाज खोलीभर पसरतो. पण हा आवाज म्हणजे तारेच्याच शिदोरीतला खर्च! पेटी जितक्या उदारपणे आवाज देईल, तितकी तार लवकर रिकामी होईल. मोठा आवाज आणि लांब आस या दोन्ही गोष्टी एकाच शिदोरीतून हव्या तेवढ्या मिळणे शक्य नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच तसा आहे.

इलेक्ट्रिक गिटारने या अडचणीतून वाट काढली. तिच्या पोलादी तारांखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. याला पिकअप म्हणतात. तार हलली की वेढ्यांतून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत विद्युत्‌दाब निर्माण होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधलेले विद्युत्-चुंबकीय प्रवर्तन ते हेच. हा क्षीण दाब प्रवर्धक मोठा करतो आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा विजेच्या पुरवठ्यातून घेतो. मग तारेने आवाजासाठी स्वतःची शिदोरी उधळण्याचे कारण उरत नाही.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जॉर्ज बोशँप आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी ओतीव ॲल्युमिनियमची गिटार बनवली. तिच्या आकारावरून तिला 'फ्राइंग पॅन', म्हणजे तळणीचा तवा, असे नाव पडले. १९४०च्या सुमारास लेस पॉल या वादकाने पाइन लाकडाच्या भरीव ठोकळ्यावर तारा आणि पिकअप बसवले आणि ते गिटारसारखे दिसावे म्हणून दोन्ही बाजूंना पोकळ गिटारीचे अर्धे भाग जोडले. हा त्याचा 'लॉग', म्हणजे ओंडका. १९५० साली लिओ फेंडर यांच्या कारखान्याने भरीव गिटार बाजारात आणली आणि १९५२ साली गिब्सन कंपनीने लेस पॉलच्या नावाची गिटार काढली. भरीव अंग हे या वाद्यांचे वैशिष्ट्य ठरले.

घड्याळ लावून का चालत नाही?

तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? तार छेडावी, घड्याळ सुरू करावे आणि आवाज ऐकू येईनासा झाला की थांबवावे. आम्हीही प्रथम तसेच केले. एकाच गिटारीवर तीन जणांची तीन उत्तरे आली आणि बाहेर पंखा लावल्यावर चौथे!

याचे कारण असे की, स्वर एका क्षणी 'संपत' नाही. कंपनाचा परमप्रसर, म्हणजे तार मधल्या जागेपासून जास्तीत जास्त किती दूर जाते ते अंतर, ठरावीक काळात निम्मे होते. पुढच्या तेवढ्याच काळात ते निम्म्याचे निम्मे होते. किरणोत्सारी पदार्थाचे अर्धायुष्य तुम्ही शिकला असाल, तसाच हा प्रकार आहे. शून्य कधीच येत नाही. स्वर फक्त आजूबाजूच्या गोंगाटाखाली बुडतो. म्हणजे घड्याळाने आपण तारेबरोबर खोलीचा गोंगाटही मोजत असतो.

म्हणून शास्त्रज्ञ आवाजाची पातळी डेसिबेलमध्ये मांडतात. परमप्रसर निम्मा झाला की पातळी सुमारे ६ डेसिबेलने उतरते. काळ आडव्या अक्षावर आणि डेसिबेल उभ्या अक्षावर घेतले की घसरणारा वक्र सरळ रेषा होतो. या रेषेचा उतार हेच आसेचे खरे माप. उतार मंद तर आस लांब.

सोयीसाठी पातळी ६० डेसिबेलने उतरायला लागणारा काळ सांगतात. तेवढ्या वेळात परमप्रसर एक हजारांश होतो. दोनचा दहावा घात १०२४ असतो, म्हणून हा काळ साधारण दहा अर्धायुष्यांएवढा भरतो.

एक उदाहरण

समजा, 'अ' आणि 'ब' या दोन गिटारींची एकच तार छेडली. हे आकडे समजण्यासाठी मी घेतले आहेत. एका ठरावीक पातळीला शून्य मानले आहे.

१ सेकंदानंतर: अ उणे १२, ब उणे ६ डेसिबेल
३ सेकंदांनंतर: अ उणे १८, ब उणे १४
५ सेकंदांनंतर: अ उणे २४, ब उणे २२
७ सेकंदांनंतर: अ उणे ३०, ब उणे ३०

'अ' दर सेकंदाला ३ डेसिबेल उतरते आणि 'ब' ४ डेसिबेल. म्हणून 'अ'चे अर्धायुष्य २ सेकंद, तर 'ब'चे दीड सेकंद. साठ डेसिबेल उतरायला 'अ'ला २० सेकंद लागतील, 'ब'ला १५. आस 'अ'ची लांब आहे, यात शंका नाही.

आता घड्याळवाल्याकडे या. त्याच्या खोलीतला गोंगाट उणे २६ डेसिबेलवर असेल, तर 'अ' त्याखाली सुमारे ५.७ सेकंदांनी बुडेल आणि 'ब' ६ सेकंदांनी. तो म्हणेल, 'ब' श्रेष्ठ! शांत खोलीत गोंगाट उणे ५० वर असेल, तर 'अ' सुमारे १३.७ सेकंद ऐकू येईल आणि 'ब' १२ सेकंद. वाद्ये तीच, तारा त्याच, पण निकाल उलटा. 'ब' सुरुवातीला मोठी वाजली, म्हणून गोंगाटात तिने बाजी मारली. दुकानात, रहदारीच्या आवाजात, कानाने केलेल्या निवडीत हाच धोका असतो.

ऊर्जा जाते कोठे?

तारेच्या शिदोरीला तीन मुख्य गळत्या आहेत. पहिली हवेची: तार हवेशी घासत हलते. दुसरी तारेच्या पोटातली: धातू वाकताना अंतर्गत घर्षणाने किंचित तापतो आणि तारेच्या गुंडाळीत घाम व मळ साचला की ही गळती वाढते. तिसरी टोकांची: एका टोकाला घोडी, दुसऱ्या टोकाला पडदा व दांडी. ती थोडी जरी हलली, तरी ऊर्जा लाकडात उतरते.

या तिन्ही गळत्यांची बेरीज होते, आणि मुद्दा येथेच आहे. समजा, 'अ'च्या ३ डेसिबेलपैकी अडीच हवेची व तारेची आहेत आणि अर्धा टोकांचा आहे. तुम्ही कितीही महाग लाकूड आणून टोकांची गळती शून्यावर आणली, तरी उतार अडीचच्या खाली जाणार नाही. वीस सेकंदांचे फार तर चोवीस होतील. लाकडाचा परिणाम नसतो असे नाही, पण तो तीन हिश्श्यांपैकी एकाच हिश्श्यावर होतो.

कधी कधी मात्र हा तिसरा हिस्सा एकदम मोठा होतो. गिटारची लांब दांडी स्वतःही ठरावीक कंप्रतांना डोलते. एखाद्या स्वराची कंप्रता दांडीच्या कंप्रतेशी जुळली की अनुस्पंदन होते आणि दांडी त्या स्वराची ऊर्जा भराभर ओढून घेते. शेजारचे पडदे छान वाजतात, हा एकच स्वर लवकर विझतो. वादक त्याला 'मृत जागा' म्हणतात. १९९०च्या दशकात जर्मनीत हेल्मुट फ्लायशर आणि टिल्मान त्स्विकर यांनी दांडीची हालचाल मोजून दाखवले की, जेथे दांडी सहज हलते तेथेच स्वर लवकर मरतो.

मोजमाप कसे करावे?

पहिली अट, तार दर वेळी सारखीच छेडली गेली पाहिजे. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. केसासारखी बारीक तांब्याची तार गिटारच्या तारेभोवती अडकवून हळूहळू ओढायची. ठरावीक ताणाला ती तुटते आणि गिटारची तार सुटते. जागा आणि दिशा तीच ठेवली, की प्रत्येक छेड जवळजवळ सारखी होते. हे करताना डोळ्यांवर चष्मा असू द्या.

दुसरी अट, दोन्ही गिटारींवर एकाच जाडीच्या नव्या तारा हव्यात, सूर एकच हवा आणि पिकअपचे तारेपासूनचे अंतर सारखे हवे. जोरकस चुंबक फार जवळ असला तर तो तारेच्या कंपनात लुडबुड करतो. तिसरी, पिकअपचा संदेश थेट संगणकात नोंदवावा. मोठ्याने लावलेल्या ध्वनिक्षेपकाचा आवाज तारेला परत हलवतो आणि तिला फुकटची ऊर्जा मिळते. विकृती आणणारे उपकरणही जोडू नये, कारण ते मोठा आणि लहान संदेश एकाच उंचीचे करून उतार लपवते. मोबाइलने नोंद करणार असाल, तर बऱ्याच मोबाइलमध्ये हळू आवाज आपोआप वाढवण्याची सोय असते. ती बंद करता आली तरच आकड्यांवर विसंबा.

चौथी अट सर्वांत महत्त्वाची. एकदा मोजून थांबू नका. प्रत्येक स्वर निदान पाच वेळा मोजा. एकाच गिटारीच्या पाच उत्तरांत जेवढा फरक पडतो, त्याहून दोन गिटारींतला फरक मोठा असेल, तरच तो खरा माना.

निकाल

आम्ही हे सर्व केले. पहिल्या फेरीत मित्राची गिटार खरोखरच पुढे होती. मग तारा पाहिल्या. मित्राच्या पंधरा दिवसांच्या, याच्या आठ महिन्यांच्या! दोन्हींवर सारख्या नव्या तारा चढवल्या. आता बहुतेक स्वरांवरचा फरक पाच मोजमापांच्या आपापसांतील फरकाहून लहान निघाला. फक्त तिसऱ्या तारेवरचा एक स्वर त्याच्या गिटारीत लवकर विझत होता. दांडीच्या शेंड्याला, खुंट्यांजवळ, एक लोखंडी चाप अडकवला. शेंड्याचे वजन वाढले, दांडीची कंप्रता उतरली आणि मृत जागा एक पडदा खाली सरकली. दोष लाकडाच्या जातीचा नव्हता. दांडी आणि तो स्वर यांची कंप्रता जुळली होती, इतकेच.

त्याने गिटार विकली नाही. तारांचे दोन संच आणले आणि उरलेले पैसे शिल्लक ठेवले.

तुमच्या घरी गिटार नसेल, तर तंबोऱ्यावर किंवा सतारीवर हाच प्रयोग करून आलेख काढा. रेषा अगदी सरळ येते की मध्येच वाकते, ते पाहा. वाकली तर चुकले असे समजू नका. वरचे संगतस्वर खर्जाच्या मूळ स्वरापेक्षा लवकर विझतात, त्यामुळे सुरुवातीला उतार जास्त दिसतो. आणि पुढे कोणी तुम्हाला एक वस्तू दुसरीपेक्षा सरस आहे असे सांगितले, तर नम्रपणे दोन प्रश्न विचारा: किती सरस? आणि कसे मोजले?