गुलाल गोटा: रंग अंगावर पोचवणारी राळ

जयपूरच्या त्रिपोलिया बाजारालगत ‘मणिहारों का रास्ता’ नावाची गल्ली आहे. तिथले मुस्लीम मणिहार कारागीर वर्षभर लाखेच्या बांगड्या करतात आणि होळी जवळ आली की गुलाल गोटे.

लाख म्हणजे झाडाचा डिंक, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर बारीक किडे रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेचं कवच करतात. तीच लाख. डिंक पाण्यात विरघळतो. लाख विरघळत नाही. ती उष्णतेने मऊ होते, गार झाली की कडक. सगळी करामत या गुणाची!

कारागीर लाखेचा छोटा गोळा तापवतो आणि फुंकणीने फुगवतो. पातळ, पोकळ गोटा गार झाला की त्यात गुलाल भरून तोंड बंद करतात. अंगावर फेकला की कवच फुटतं, रंग उधळतो. कवच पातळ असलं, तर लागत नाही.

आपल्याकडे रंगपंचमीला पळसाची फुलं उकळून केशरी रंग काढत. म्हणजे एकच झाड रंगही देतं आणि रंगाचं कवचही!

गोट्याचं काम मात्र होळीपुरतंच. म्हणून मी म्हणतो, घ्यायचा तर थेट कारागिराकडून घ्या. गोटा हलका आहे ना, बघा. आणि आत कोणता गुलाल आहे, तेही विचारा. कवच नैसर्गिक असलं, तरी रंग नैसर्गिक असेलच असं नाही.