विश्लेषण : लोकर न झडू देता मेंढीचे कातडे कसे कमावतात? घरी वापरण्याआधी ‘टॅनिंग’ का तपासावे?

ऑनलाइन खरेदीच्या ॲपवर ‘शीपस्किन’ असा शोध घेतला, की सोफ्यावर टाकायचे पांढरेशुभ्र गालिचे, गाडीच्या सीटची कव्हर आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठीचे पॅड एकाच यादीत दिसतात. छायाचित्रांत सगळे सारखेच. प्रत्यक्षात त्यातले एक गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुता येते, दुसरे एकदा भिजले की वाळताना कडक होऊन चिरते आणि तिसऱ्यात मेंढीचा काही संबंधच नसतो, ते पॉलिस्टरचे असते. पहिल्या दोघांची लोकर एकाच जातीच्या मेंढीची असू शकते. फरक असतो तो लोकरीखालच्या कातड्यात आणि ते कसे कमावले यात. घरातील वृद्ध रुग्णासाठी अशी वस्तू घेणाऱ्यांनी तो समजून घेणे गरजेचे आहे.

कातडे ‘कमावणे’ म्हणजे नेमके काय?

कातडे मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे विणलेले जाळे असते. जनावराच्या अंगावरून उतरवले की त्यात जिवाणू वाढू लागतात आणि ते सडते. नुसते वाळवले तर सडणे थांबते, पण तंतू एकमेकांना चिकटून कातडे ताठ होते. हलगीला चढवलेले कातडे असेच न कमावता वाळवलेले असते. म्हणून ते हवेतल्या ओलाव्याने सैल पडते आणि वाजवण्याआधी हलगी शेकावी लागते.

टॅनिंगमध्ये या तंतूंना रासायनिक ‘टाके’ घातले जातात. त्यामुळे जिवाणूंना प्रथिन पचवता येत नाही, कातडे मऊ राहते आणि उष्णता अधिक सोसते. कच्चे कातडे साधारण ६० ते ६५ अंश सेल्सियसच्या पाण्यात आकसून गोळा होते. टाके जितके पक्के, तितके हे तापमान वर जाते.

लोकरीसकट कमावणे अवघड का?

चपला, पाकिटे किंवा जॅकेटसाठी कातडे कमावताना चुना आणि सोडियम सल्फाइड वापरून केस काढून टाकतात. भारतात शेळ्या-मेंढ्यांची बहुतांश कातडी अशीच केस काढून कमावली जातात. लोकर ठेवायची असेल तर हा मार्ग बंद होतो, कारण लोकर केराटिन या प्रथिनाची असते आणि ही रसायने तिलाच विरघळवतात.

दुसरी अडचण गुंत्याची. गरम पाण्यात लोकर घुसळली तर तिचे तंतू एकमेकांत अडकून नमदा तयार होतो. त्यामुळे ही कातडी भरपूर पाण्यात, हळू फिरणाऱ्या वल्ह्यांच्या हौदात प्रक्रिया केली जातात.

तिसरी अडचण वेळेची. कातडे उतरवल्यावर मीठ लावायला उशीर झाला, तर जिवाणू आधी लोकरीच्या मुळांशी पोहोचतात. मग पुढे धुताना ठिकठिकाणी लोकर गळते आणि टक्कल पडते. हे नुकसान नंतरच्या कोणत्याही टप्प्यात भरून निघत नाही.

राज्यातील दख्खनी मेंढीची लोकर भरड असल्याने ती घोंगड्यांसाठी वापरली जाते. गादीसारखी दाट आणि मऊ लोकर असलेली कातडी प्रामुख्याने ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि युरोपातून येतात.

प्रक्रियेचे टप्पे कोणते?

मीठ लावणे : कातडे थंड होताच आतल्या बाजूला मीठ चोळतात. कातड्याच्या वजनाच्या जवळपास निम्मे मीठ लागते. मीठ पाणी ओढून घेते आणि जिवाणूंची वाढ रोखते.

भिजवणे आणि धुणे : मीठ, माती आणि लोकरीतील लॅनोलिन हा मेणचट थर काढण्यासाठी कोमट पाणी आणि डिटर्जंट वापरतात. हा थर राहिला तर पुढची रसायने आत शिरत नाहीत आणि तयार मालाला वास येतो.

खरवडणे : आतल्या बाजूला चिकटलेले मांस, चरबी आणि पातळ पडदा पात्याने काढला जातो.

पिकलिंग : कातडे मीठ आणि आम्लाच्या पाण्यात ठेवतात. यामुळे तंतू मोकळे होतात. मिठाशिवाय आम्ल दिले तर कातडे फुगून कमकुवत होते, त्यामुळे इथला क्रम महत्त्वाचा असतो.

टॅनिंग : तंतूंना टाके घालण्याचे मुख्य काम इथे होते.

तेल पाजणे : पाण्यात मिसळणारे तेल तंतूंमध्ये जिरवतात. तंतू एकमेकांवरून घसरत राहतात आणि वाळल्यावरही कातडे मऊ राहते.

वाळवणे आणि विंचरणे : कातडे चौकटीवर ताणून वाळवतात. मग लोकर विंचरून एकसारखी कातरतात आणि गरम इस्त्रीने तिला चमक देतात.

टॅनिंगचे प्रकार आणि त्यांची ओळख

तुरटी : सर्वांत जुन्या पद्धतींपैकी एक. कातडे पांढरेशुभ्र आणि मऊ होते, पण टाके कच्चे असतात. पाण्यात तुरटी धुऊन जाते आणि कातडे पुन्हा कच्च्यासारखे वागू लागते. शोभेसाठी ठीक, धुण्यासाठी नाही.

झाडाची साल आणि फळे : बाभळीची साल, हिरडा यांतील टॅनिन वापरले जाते. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेसाठी पारंपरिकपणे असेच चामडे वापरतात. यात वेळ लागतो आणि कातड्याबरोबर लोकरीलाही तपकिरी छटा येते, म्हणून पांढऱ्या गालिच्यांसाठी ही पद्धत सहसा निवडत नाहीत.

क्रोम : क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले कातडे उकळत्या पाण्याजवळचे तापमानही सोसते. आतली बाजू निळसर-करडी दिसते. काम झटपट होत असल्याने जगभरात चामड्यासाठी हीच पद्धत सर्वाधिक वापरली जाते.

ग्लुटाराल्डिहाइड : आतली बाजू पिवळसर असते. उष्णता सोसण्यात हे क्रोमपेक्षा थोडे मागे, पण घाम आणि लघवीला चांगले टिकते. म्हणूनच रुग्णांसाठीच्या कातड्यात हा प्रकार पुढे आला.

रुग्णांसाठी याचा खरेच उपयोग होतो का?

सतत एकाच कुशीवर पडून राहिल्याने माकडहाड, टाचा आणि कंबरेच्या हाडांवर दाब येतो, रक्तपुरवठा अडतो आणि बेडसोर होतात. दाट लोकर हा दाब थोडा पसरवते आणि त्वचेचे घर्षण कमी करते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा शोषूनही ओली लागत नाही. ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समध्ये झालेल्या चाचण्यांत, वैद्यकीय दर्जाचे मेंढीचे कातडे वापरणाऱ्या रुग्णांमध्ये बेडसोरचे प्रमाण कमी आढळले.

मात्र यात दोन अटी आहेत. पहिली, हा निष्कर्ष खऱ्या आणि वैद्यकीय दर्जाच्या कातड्याचा आहे. पॉलिस्टरच्या ‘शीपस्किन’ला तो लागू होत नाही. दुसरी, रुग्णाचे अंथरूण ओले होते, त्यामुळे कातडे वारंवार आणि गरम पाण्यात धुता यायला हवे. तुरटीने कमावलेला शोभेचा गालिचा तिथे पहिल्याच धुण्यात निकामी होतो.

चाचण्यांतील काही रुग्णांनी कातडे फार गरम वाटत असल्याची तक्रार केली होती. उन्हाळ्यात आपल्याकडे हे लक्षात घ्यावे लागेल. कातडे अंथरले तरी रुग्णाची कूस ठरावीक वेळाने बदलणे टळत नाही. जखम झालेली असेल तर डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. तान्ह्या बाळाला मात्र अशा मऊ कातड्यावर झोपवू नये. बाळ पालथे झाले तर श्वास कोंडण्याचा धोका असतो.

पर्यावरणाचा प्रश्न काय?

कातडे घरात स्वच्छ दिसते, पण त्याचे सांडपाणी कुठेतरी गेलेले असते. तमिळनाडूतील पालार नदीच्या खोऱ्यात टॅनरींच्या सांडपाण्याने शेती आणि पिण्याचे पाणी खराब झाले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे स्पष्ट केले. क्रोमइतकाच मिठाचाही प्रश्न आहे. कातड्यातून धुतलेले मीठ जमिनीत उतरले की पाणी खारट होते आणि ते काढणे खर्चिक असते.

टॅनिंगमध्ये वापरले जाणारे क्रोमियम-३ तुलनेने कमी धोकादायक आहे. पण प्रक्रिया नीट झाली नाही तर त्यातून विषारी क्रोमियम-६ तयार होऊ शकते. त्वचेला लागणाऱ्या चामड्यात त्याचे प्रमाण किलोमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे, असे बंधन युरोपीय संघाने २०१५ पासून घातले आहे.

घरी कातडे कमावता येते का?

मीठ आणि तुरटीने घरी कातडे कमावण्याचे व्हिडीओ भरपूर आहेत. शोभेच्या वस्तूसाठी ते जमते, पण धुता येईल असे कातडे त्यातून मिळत नाही. क्रोम किंवा ग्लुटाराल्डिहाइड घरात हाताळू नये. ग्लुटाराल्डिहाइडच्या वाफांनी डोळे आणि श्वसनमार्गाला त्रास होतो, तर क्रोमचे पाणी मोरीत ओतणे धोक्याचे आहे. अचानक मेलेल्या मेंढीचे कातडे तर काढूच नये. काळपुळी अर्थात अँथ्रॅक्सचे जिवाणू कातडे आणि लोकरीतून माणसापर्यंत पोहोचतात. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

खरेदी करताना आणि धुताना काय पाहावे?

• उलट बाजू पाहा. विणलेले कापड दिसले तर माल कृत्रिम आहे. मागे अस्तर शिवलेले असेल तर लोकरीच्या मुळाशी फाकवून पाहा.

• लोकरीचा एक तंतू काढून चिमट्यात धरून जाळा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि तिची राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

• रुग्णासाठी घेताना किती अंशांच्या पाण्यात धुता येते, हे लेबलवर लिहिलेले हवे. नुसता ‘मेडिकल’ हा शब्द पुरेसा नाही.

• एन्झाइम असलेली डिटर्जंट पावडर आणि ब्लीच टाळा. कपड्यावरचे प्रथिनांचे डाग काढणारी एन्झाइम लोकर आणि कातडे दोन्ही खातात. लोकरीसाठीचे सौम्य लिक्विड वापरा.

• कडक उन्हात किंवा हीटरजवळ वाळवू नका. सावलीत पसरून ठेवा आणि अर्धवट ओले असताना हाताने चारी बाजूंनी ताणा, म्हणजे कातडे मऊ राहते.

घरात आधीपासून असलेल्या कातड्याला लेबलच नसेल, तर ते तुरटीचे आहे असे समजून चालावे. झटकावे, ब्रशने विंचरावे, डाग ओलसर फडक्याने वरवर टिपावा, पण पाण्यात बुडवू नये. नवे घेताना विक्रेत्याला ‘टॅनिंग कोणते?’ एवढा एक प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर मिळत नसेल, तर रुग्णाच्या अंथरुणासाठी ते कातडे घेऊ नये.