वितळायला हवं, पण वितळत नाही!

ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सियसला वितळतं. इंजिनात पेट्रोल पेटतं तेव्हा आतला वायू 2000 अंशांच्याही वर जातो. आणि त्या जाळावरचं झाकण, म्हणजे सिलिंडर हेड, आजकालच्या बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचंच असतं! मग त्याचा रस का होत नाही?

एक तर भडका क्षणभराचा. आणि दुसरं म्हणजे हेडच्या पोटात बोळ असतात. त्यांतून कूलंटचं पाणी सारखं पळतं आणि उष्णता रेडिएटरकडे घेऊन जातं.

आता समजा, भर मे महिन्यात रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालात. साखरपा मागे पडलं, आंबा घाट लागला, टपावर हापूसच्या पेट्या, आणि पाण्याचा होजपाइप फुटला. तापमानाचा काटा लाल रेघेकडे चढला, की गाडी तिथेच बाजूला घ्यायची. रेडिएटरचं झाकण मात्र लगेच उघडायचं नाही. आत दाबाखाली पाणी 100 अंशांहून गरम असू शकतं, ते उसळून अंगावर येतं. पण कुणी म्हणालं, ‘आलाच की घाटमाथा, जाऊ दे!’ तर? ॲल्युमिनियम तापलं की ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. पण हेड तर बोल्टांनी आवळलेलं. जागा मिळत नाही, मग ते वाकतं, हेडखालची पातळ पट्टी, म्हणजे गॅस्केट, उडतं आणि ऑइलात पाणी शिरतं.

गॅरेजमध्ये हेड उतरवल्यावर मेकॅनिककाका त्यावर सरळ पट्टी आडवी ठेवतात आणि खालून फिलर गेजचं पातं सरकवून बघतात. बऱ्याच लहान गाड्यांना 0.05 मिलिमीटरचा वाकही चालत नाही. तुमच्या डोक्याचा केससुद्धा बहुधा याहून जाड असेल! मग हेड फेसिंगला जातं. तिथे मशीनवर त्याचा अगदी पातळ थर उतरवून ते सपाट करतात.

खरी गंमत हेडमधल्या झडपांची, म्हणजे व्हॉल्व्हची. गाडीचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेतं, तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो. मिटताना फट राहिली की ताकद गेलीच. म्हणून हाताने व्हॉल्व्ह त्याच्या बसण्याच्या जागेवर घासतात. कडेला खरखरीत पेस्ट लावायची, रबरी चोखणीची काठी चिकटवायची आणि ताकातली रवी फिरवावी तशी ती दोन तळव्यांत फिरवायची. कडेवर एकसारखं करडं कडं उमटलं की जमलं. मग हेड उलटं करून त्यात रॉकेल ओततात. थेंबही झिरपला, तर पुन्हा घासा! (हे काम पाहताना माझी तरी तासभर हलायची तयारी नसते.)

हेड बसवताना बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आवळतात. एकदम एका कडेने आवळले, तर नवं हेडही वाकडं बसेल.

हीच कामं होड्यांच्या डिझेल इंजिनांवरही होतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात कुणाची ओळख असेल तर मोठ्यांबरोबर जा आणि उतरवलेलं हेड जवळून पाहा. पेस्टचं बोट डोळ्याला लावू नका, एवढंच.